डिसेंबरसाठी राखून ठेवलेले गुडघे

नांदेड
२ ऑगस्ट २०२५

सौ. धुरपताबाई, सप्रेम जय भीम.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. चौतीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसून दुसऱ्यांची पत्रं चढवली आणि उतरवली. रिटायर झाल्यावर म्हटलं, एखादं आपलंही जाऊ द्यावं. शिवाय तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे भर सभेत बोलणं. तुमचा फोन कायम स्पीकरवर, शेजारून पंढरीभाऊंचं ‘हाव, हाव’ चालू, आणि मध्येच नायगावहून तुमची लेक कॉलमध्ये घुसणार. विहिणींनी विहिणींशी बोलायचं कधी?

आता मुद्द्याचं. तुमच्या बुद्धप्रियाला पाचवा महिना लागला. डॉक्टरांनी डिसेंबरची पंधरा तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. आणि तुम्ही लग्नाच्या मांडवात चारशे माणसांसमोर माझा हात धरून म्हणाला होतात, “सुमनबाई, पहिलं लेकरू माझ्याच पायावर न्हाणार, सांगून ठेवते!” तेव्हा तर पोरांच्या हळदीचा रंगही उतरला नव्हता. आणि आता मी तीनदा विचारलं तर तीनदा ‘बघू’ म्हणालात. आमच्या प्रीतमला नायगावच्या शाळेतून रजा काढावी लागते, पोरीला पोचवायला यायचं म्हणजे आधी कळायला हवं. सातव्यात नेता की आठव्यात, तेवढं कळवा.

आपली,
सुमन


मुरुड
१२ ऑगस्ट २०२५

आदरणीय सुमनबाई, जय भीम.

तुमचं पत्र पोस्टमननं हातात दिलं तर माझ्या छातीत धस्स झालं. वाचल्यावर बरं वाटलं. अक्षर किती सुंदर हो तुमचं. माझं अंगणवाडी सेविकेचं अक्षर, सांभाळून घ्या.

मी म्हणत होते, नांदेडला दवाखाने मोठे आहेत, तिथंच झालेलं बरं नाही का? आमच्याकडे रस्ता खोदून ठेवलाय. न्हाणीची फरशीही निसरडी झालीय. आणि त्या वेळी ह्यांची सोयाबीनची काढणी असते, घरात माणूस नसतं. तुमच्या भागात बाळाला न्हाऊ घालायला बाया मिळतातच की.

पोरीला म्हणावं शेंगदाण्याचा लाडू रोज एक खात जा. तिला ह्यातलं काही बोलू नका, उगाच जीवाला लावून घेईल.

तुमची,
धुरपता


नांदेड
२० ऑगस्ट २०२५

धुरपताबाई, जय भीम.

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. डिसेंबरात सोयाबीन कोण काढतं? मी शेतकऱ्याची मुलगी नसेन, पण बाजारात सोयाबीन कधी येतं एवढं मला कळतं. रस्ता खोदला असेल तर चार महिन्यांत बुजेल. आणि फरशी निसरडी आहे तर घासा.

तीन कारणं एका माणसानं दिली की समजावं, चौथं खरं आहे आणि ते सांगायचं नाही. मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं तुमच्या मनात अजून लग्नातली जिलेबी आहे. शेवटच्या पंगतीला ती संपली आणि तुमच्या मुरुडच्या माणसांना नुसत्या बुंदीवर उठावं लागलं, हे मला माहीत आहे. मी त्याच दिवशी माफी मागितली होती. दीड वर्ष झालं त्याला!

तुम्ही गावातली चाळीस लेकरं पायावर न्हाऊ घातलीत असं पोरगी अभिमानानं सांगते. चाळीस परक्यांना पाय आणि आमच्या एकाला नाही? खरं सांगते, मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

सुमन


मुरुड
३० ऑगस्ट २०२५

सुमनबाई, जय भीम.

तुमचं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. आज हे शेतात गेले आणि मी लिहायला बसले.

जिलेबीचं आधी सांगते. ती संपली कारण आमच्याच माणसांनी पहिल्या पंगतीत दोन-दोनदा वाढून घेतली होती. त्यात आमचे हेही होते. मनात काही नाही.

खरं कारण माझे गुडघे. दोन्ही. उजवा जास्त.

गेल्या दिवाळीपासून दुखतात. सकाळी उठले की दहा मिनिटं पाय माझे नसतातच. जिना उतरताना कटकट वाजतात. रुईचं पान तेल लावून शेकलं, बाजारातून पट्टा आणला, मेडिकलवाल्याकडची लाल गोळी खाल्ली. गोळीनं दुखणं थांबलं पण पोटात आग पडली. मग मार्चमध्ये, पोरीनं बातमी सांगण्याच्या कितीतरी आधी, माझ्या मनात आलं की आता हिला दिवस राहतील, आणि हे गुडघे तोवर झिजून संपतील. आमच्या पिठाच्या गिरणीचं बेरिंग कसं, फिरेल तसं झिजतं. म्हणून मी ठरवलं, जेवढे उरलेत तेवढे बाळासाठी राखून ठेवायचे. विहारात जाणं सोडलं. दळण ह्यांच्यावर टाकलं. पाणी खाटेवर. पाच महिने मी खाटेवरून चुलीपर्यंत आणि चुलीपासून खाटेपर्यंत, एवढीच चालले. म्हटलं, डिसेंबरात एकदम वापरू.

आणि झालं उलटंच. जितके राखले तितके जास्त दुखायला लागले. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी म्हटलं परीक्षा घ्यावी. न्हाणीत पाट मांडला, पाय लांब केले, नडगीवर गव्हाची पिशवी ठेवली. उजवा गुडघा पुरता सरळ होईना, वर चार बोटं उभाच. बाळ ठेवलं असतं तर घसरलं असतं. आणि मग उठता येईना! पाऊण तास मी तशीच, पायावर गहू घेऊन. हे शेतातून आले आणि दारात उभे राहून म्हणाले, “काय करून राहिलीस गं? गव्हाला आंघोळ हाय का आज?”

मी हसले आणि मग तिथंच बसून रडले. चाळीस लेकरं न्हाऊ घातली, सुमनबाई, आणि माझ्या लेकीचं लेकरू मला पायावर घेता येणार नाही. चारशे माणसांत बोलले होते. आता तिला माहेरी आणून तिच्यासमोर परकी बाई बोलावू कोणत्या तोंडानं? त्यापेक्षा नांदेडलाच होऊ द्या, असं वाटलं. पोरीला सांगू नका.

धुरपता


नांदेड
५ सप्टेंबर २०२५

माझ्या वेड्या विहीणबाई, जय भीम.

पत्र वाचून आधी मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली, जिलेबीबद्दल. मग इतकी हसले की शेजारच्या लक्ष्मीबाई दार वाजवून विचारून गेल्या. अहो, गुडघे काय कैरीचं लोणचं आहे, बरणीत घालून दादरा बांधून ठेवायला?

ऐका आता. इथं ऋतुजाताई म्हणून एक फिजिओथेरपिस्ट आहेत, प्रीतमच्या वयाच्या. त्यांना तुमची हकीकत नाव न घेता सांगितली. त्या म्हणाल्या, बेरिंगला वरून ग्रीस लावावं लागतं, गुडघ्याचं वंगण आत असतं आणि ते हलण्यानंच फिरतं. पाय बसवून ठेवला की सांधा आखडतो, आणि मांडीचं मांस वितळतं. सगळा भार त्या मांडीनं पेलायचा असतो. ती ढिली पडली की गुडघा एकटा पडतो, म्हणून बोंबलतो. तुम्ही पाच महिने मांडीला सुट्टी दिलीत, एवढीच चूक.

पण आधी लातूरला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल, ताप येत असेल, किंवा मध्येच अडकून बसत असेल तर हे काही करायचं नाही, डॉक्टर सांगतील तेच. लाल गोळी बंद. आणि काही वेळा एक्स-रे वाईट दिसतो आणि माणूस धावतो, म्हणून फोटो पाहून घाबरायचं नाही, असंही त्या म्हणाल्या.

मग हे करा. जमिनीवर नको, खाटेवरच. पाठ भिंतीला, पाय लांब. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. ती गुडघ्यानं खाली दाबायची, पाच म्हणेपर्यंत धरायची, सोडायची. दहा वेळा. टॉवेल नवा घेऊ नका, नवा घसरतो, धुऊन मऊ पडलेला घ्या. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला. मग खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा, जमेल तितकं. सपाट रस्त्यावर आधी दहा मिनिटं चाला. उकिडवं बसणं बंद. तिसऱ्या दिवशी मांडी भरून येईल, घाबरू नका, ते चांगलं दुखणं. पण दुसऱ्या दिवशी गुडघाच सुजला तर समजा हावरेपणा झाला, निम्मं करा.

आणि धुरपताबाई, लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं ते सांगते. पाठ टेकून, पाय लांब, गुडघा खाली दाबलेला. ही बैठक कोणती हो? तुम्ही चाळीस लेकरं घेऊन ह्याच बैठकीत बसलात! तुमची औषधाची बाटली तुमच्याच न्हाणीत होती.

पंधरा डिसेंबरला शंभर दिवस आहेत. कामाला लागा.

सुमन


मुरुड
२८ सप्टेंबर २०२५

सुमनबाई, जय भीम.

लातूरला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले गादी थोडी झिजलीय, वयाला शोभेल इतकी. वजन मात्र माझ्या वयाला शोभत नाही म्हणाले. पाच महिने खाटेवर बसून सात किलो कमावले होते, त्यातले दोन परत दिले.

पहिला आठवडा नुसता वैताग. टॉवेल दाबायचा म्हणजे काय हेच मांडीला कळेना. हे शेजारी बसून मोजायचे. “यक, दोन, तीन, दाब की गं, टॉवेल चावतो काय!” दुसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून मी शहाणपणा करून विहारापर्यंत जाऊन परत येऊन वर जिनाही चढले. तीन दिवस गुडघा भोपळ्यासारखा. मग तुमचा ‘हावरेपणा’ आठवला, निम्मं केलं आणि उतरला.

भोपळ्यावरून सांगायचं म्हणजे, आता मी खाटेवरून पाटावर आले. नुसत्या टॉवेलनं मन लागेना. ह्यांनी शेतातून लाल भोपळा आणला होता. अंगणवाडीचा जुना ताणकाटा माझ्याकडेच आहे, त्याला टांगून पाहिला. बरोबर तीन किलो शंभर. म्हटलं, हेच आपलं बाळ. जुन्या लुगड्यात गुंडाळला, नडगीवर पालथा घेतला आणि तांब्यानं पाणी घातलं. गुडघा अजून दोन बोटं वर राहतो, पण भोपळा घसरला नाही!

गुरुबसप्पा किराणावाल्याची बायको साखर मागायला आली ती न्हाणीच्या दारात थिजली. तिनं गावभर केलं, धुरपताबाई भोपळ्याला न्हाऊ घालते, कान धुते, वर म्हणते ‘उगी माझ्या बाई’. विहारात गेले तर बाया तोंडाला पदर लावून विचारतात, “भोपळ्याचं नाव काय ठेवलं हो?” विहारात मी आता मागं खुर्चीवर बसते. आधी लाज वाटायची की सगळ्या खाली आणि मी वर. वंदना सुरू झाली आणि कोण वर कोण खाली कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

आता एक विचारते. टॉवेल नवा घसरतो, मांडी तिसऱ्या दिवशी भरते. हे ऋतुजाताईंनी सांगितलं की तुमच्या मांडीनं?

धुरपता


नांदेड
८ ऑक्टोबर २०२५

धुरपताबाई, जय भीम.

पकडलंत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही गत होऊ नये म्हणून लपवलं होतं.

मी ऋतुजाताईंकडे जूनपासून जाते. माझेही गुडघे गेले होते. चौतीस वर्षं खुर्चीवर बसून जमीन विसरले होते. खाली बसायला शिकायचं म्हणून गेले, आणि का शिकायचं ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

प्रीतम झाला तेव्हा सासूबाईंनी शेजारची बाई लावली होती. मी पहिलटकरीण, “तुला जमायचं न्हाई, पाडशील,” म्हणायच्या. मी दारात उभी राहून बघायची. अडीच महिन्यांचा होता तेव्हा ड्युटीवर हजर झाले. नंतर तो बसायला लागला, बादलीतच न्हायला लागला. माझ्या एकुलत्या एका लेकराला मी एकदाही पायावर घेतलं नाही. हे मी फाइलमध्ये कधी लावलं नाही, पण रोज हाताखाली येतं.

तुमच्या ‘बघू’चा मला राग आला हे खरं. पण रागाच्या तळाशी आनंदही होता. वाटलं, बाळंतपण नांदेडला झालं तर न्हाऊ मीच घालीन. उशी घेऊन सरावही केला. माळ्यावर एक निळा प्लास्टिकचा टब लपवलाय, जमलं नाही तर असू द्या म्हणून. म्हणजे बघा, तुम्ही गुडघे लपवत होता आणि मी टब.

तुमचं पत्र वाचल्यावर मात्र राहवलं नाही. चाळीस लेकरांची आई ती, तिचं पहिलं न्हाणं मी कसं घेणार? म्हणून मला माहीत होतं ते सगळं लिहून पाठवलं. हसू नका.

सुमन


मुरुड
१६ ऑक्टोबर २०२५

सुमनबाई, जय भीम.

हसले नाही. पत्र वाचून ह्यांच्याकडे दिलं, त्यांनी वाचलं, आणि मिस्त्रीला बोलवायला गेले. आमच्या न्हाणीत आता भिंतीला धरायला एक लोखंडी दांडा बसलाय, फरशी खडबडीत केलीय. मी म्हटलं, माझ्यासाठी एवढं? तर म्हणतात, “दोघींसाठी हाय. येक पडली तर दुसरी धरील, दोघी पडल्या तर मला उचलायचं न्हाई.”

पोरीला दिवाळी झाली की आणते. आणि तुम्ही डिसेंबरच्या दहा तारखेला इथं हजर व्हायचं, चांगली सव्वा महिन्याची तयारी करून. पहिलं न्हाणं तुम्ही घालायचं.

मांडवात मी बोलले ते चारशे माणसांनी ऐकलं. हे फक्त तुम्हाला लिहिते, पण ह्याचं वजन त्याच्यापेक्षा जास्त समजा. चाळीस झाली माझी. तुमचं एकही नाही.

मी शेजारी बसून शिकवीन. अंगणवाडीतली मी, माझे नियम कडक आहेत. नाळ गळून पडेपर्यंत न्हाणं नाही, नुसतं पुसायचं. पाणी आधी कोपरानं बघायचं. नाका-कानात तेल नाही, डोकं दाबून गोल करायचं नाही, छाती पिळायची नाही. बायांनी किती सांगितलं तरी नाही. टब आणू नका. आणलात तर भोपळा ठेवायला वापरू.

धुरपता


मुरुड
२७ जानेवारी २०२६

सुमनबाई, जय भीम.

तुम्ही परवा गेलात आणि घर एवढं मोठं कसं झालं कळेना. खरं तर पत्र लिहायला काही उरलं नव्हतं, दीड महिना एकाच ताटात जेवलो आपण. पण काल जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन नाही.

त्याआधी, तेवीस डिसेंबर तुमच्या लक्षात आहे ना? माझ्या तर रोज डोळ्यांपुढे येतो. आपल्या नातीची, लुंबिनीची नाळ आदल्या दिवशी पडली होती. तुम्ही पाटावर बसलात, पाठ भिंतीला, पाय लांब, आणि मी लेकराला तुमच्या नडगीवर ठेवलं तर तुमचे पाय सरळ, पण ती रडायला लागली. मी म्हटलं, “बोला काहीतरी, तिला आवाज पाहिजे.” तुम्हाला अंगाईही आठवेना. तुम्ही म्हणालात काय, तर “नांदेडहून सुटणारी गाडी…” आणि पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी करत लातूरला आलात तोवर रडणं थांबलं होतं. मुरुड म्हणालात तेव्हा तिच्याऐवजी तुम्हीच रडत होतात. पोरीला पुसून बुद्धप्रियाच्या हातात दिलं. मग आपण दोघी उठायला गेलो, तुम्ही माझा खांदा धरला, मी तुमचा, आणि हसण्यानं दोघींची शक्ती गेली. हे बाहेरून ओरडले, “दांडा कशाला बसिवलाय मंग?”

तर काल. तुम्ही गेल्यावरचं पहिलं न्हाणं, माझं. इतके दिवस मी शेजारी बसून तांब्या देत होते, आता माझी पाळी. गुडघा आता एकच बोट वर राहतो. पाणी कोपरानं बघितलं, पोरीला घेतलं, आणि तिनं असं भोकाड पसरलं की काय सांगू. चाळीस लेकरं गप्प केलेले माझे हात, एकेचाळिसावीला काही केल्या पटेनात. अंगाई म्हटली, चुटक्या वाजवल्या. आणखीच रडली. मी मनात म्हटलं, सुमनबाईंनी पोर बिघडवली.

मग हळूच म्हटलं, “नांदेडहून सुटणारी गाडी…”

एकदम गप्प. मान वळवून बघायला लागली, तुम्ही कुठं आहात म्हणून. मी पूर्णा म्हटलं, परभणी म्हटलं. गंगाखेड विसरले, पण तिनं चालवून घेतलं. तुमचा आवाज नव्हता, पण गाडी तुमचीच होती. मला वाटलं होतं मला थोडा हेवा वाटेल. नाही वाटला. उलट ऊर भरून आला, की हिच्या अंगावर पाणी पडलं की हिला आपण दोघी आठवणार.

टॉवेल दाबणं चालू आहे. भोपळा आता फार हलका वाटला असता, शिवाय मकरसंक्रांतीला आपणच त्याची भाजी केली. तुम्हीही सोडू नका. पुढच्या महिन्यात बुद्धप्रिया लेकराला घेऊन नायगावला जाईल, आधी तुमच्याकडे थांबेल, तेव्हा तुमची पाळी, आणि नांदेडच्या फ्लॅटमध्ये दांडा नाही हे लक्षात ठेवा.

आता शेवटचं. बुद्धप्रिया पोरीला घेऊन आत गेली. हे शेतात. मी एकटीच पाटावर, शेजारी खुर्ची, भिंतीला दांडा. सवयीनं हात वर गेला आणि मी तो खाली घेतला. पाय दुमडले, एक गुडघा टेकवला, मांडीवर भार दिला आणि उठले. कशालाच हात न लावता, सरळ उभी राहिले.

बघायला घरात कुणीच नव्हतं. म्हणून तुम्हाला लिहिलं.

तुमची,
धुरपता